आजीचा रंग आजीचाच राहो



पुणतांब्याच्या एका भगिनीने आम्हाला विचारले आहे. त्यांचा मुलगा इंटरमिजिएटची चित्रकला परीक्षा पास झाला. आता त्याला आजीचे तैलचित्र काढायचे आहे. आजी हयात नाहीत. घरात त्यांचा एकच फोटो, तोही कृष्णधवल आणि तळहाताएवढा. आधी एकाच रंगात सगळे चित्र करून घ्यायचे आणि ते वाळल्यावर वरून पातळ, पारदर्शक रंगांचे थर द्यायचे, ही रीत मुलाने कुठेतरी वाचली. सामान घ्यायला गेले तर दुकानदाराने चोवीस नळ्यांची मोठी पेटी पुढे ठेवली. किंमत ऐकून माय-लेक परत आले. नेमके काय घ्यावे आणि काय सोडावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

प्रश्न एका घरचा असला तरी तो पुष्कळ घरांत पडण्यासारखा आहे. म्हणून आजचे हे सदर त्यालाच देत आहोत.

तैलचित्र कुणाचे?

आपल्याकडे तैलचित्रे कुणाची लागत आली? संस्थानिकांची, दिवाणांची, गोऱ्या साहेबांची, मोठ्या देणगीदारांची. बाबासाहेबांचे तैलचित्र संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात लागायला १२ एप्रिल १९९० हा दिवस उजाडावा लागला. मग उसाच्या मळ्यात खुरपणी केलेल्या किंवा रेल्वेच्या गँगमध्ये राबलेल्या माणसाचे तैलचित्र कोण काढणार? त्याचा नातूच काढणार. तेव्हा ही निव्वळ हौस आहे असे कुणी म्हणू नये. काढायचेच तर ते पन्नास वर्षे टिकेल असे काढावे. त्यासाठी पैसा फार लागत नाही, पण तो योग्य जागी लागतो. जे डोळ्यांना दिसत नाही त्यावर, म्हणजे पाटीवर आणि खालच्या थरावर, आधी खर्च करावा. वरच्या झगमगाटावर सर्वांत शेवटी.

एकाच फोटोवरून काम करणाऱ्याला ही रीत का मानवते

कृष्णधवल फोटोत रंग नसतो, पण उजेड आणि सावली असते. कपाळ कुठे चमकते, गालाखाली कुठे अंधार आहे, ओठांची कड कुठे वळते, हे सगळे त्यात असते. खालच्या चित्राला, ज्याला चित्रकार अंडरपेंटिंग म्हणतात, एवढेच हवे असते. तपकिरी आणि पांढरा या दोनच रंगांत फोटोतला उजेड-अंधार पाटीवर उतरवायचा. तो वाळला की रंगाचा पारदर्शक थर वरून द्यायचा. याला ग्लेझ म्हणतात. रंग आठवणीतून घ्यायचा. आजीची कांती कशी होती, लुगडे कोणत्या रंगाचे होते, हे घरातली माणसे सांगतील. चेहरेपट्टी जुळवणे आणि रंग जुळवणे ही दोन अवघड कामे एकाच वेळी करावी लागत नाहीत, हाच या रीतीचा नवशिक्याला मोठा फायदा.

बाबासाहेबांची बहुतेक छायाचित्रेसुद्धा कृष्णधवलच आहेत. विहारासाठी त्यांचे चित्र करणाऱ्यालाही हीच रीत उपयोगी पडेल.

पारदर्शक थराचे मर्म काय? जयंतीच्या मंडपात बल्बवर रंगीत जिलेटिन कागद लावतात. कागद स्वतः उजेड देत नाही, पण उजेड त्यातून गाळून येतो आणि रंगून येतो. ग्लेझचे तसेच आहे. उजेड थरातून आत जातो, खालच्या फिकट चित्रावर आपटतो आणि रंग घेऊन परत येतो. म्हणून असा रंग आतून उजळल्यासारखा दिसतो. दोन रंग कालवून एकदम फासले तर ती खोली येत नाही.

ही रीत परकी समजण्याचे कारण नाही. १९०९ ते १९११ च्या हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम या इंग्रज बाईंनी अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला केल्या. त्यांच्या सोबत नंदलाल बोस, असितकुमार हलदार हे तरुण चित्रकार होते. तिथल्या भिंतींचे बाईंनी बारकाईने निरीक्षण केले. पांढऱ्या पृष्ठावर आधी तांबडी रेषा, तिच्यावर हिरव्या मातीच्या रंगाचा पातळ हात, इतका पातळ की खालची तांबडी रेषा दिसत राहावी, मग वस्तूंचे खरे रंग आणि शेवटी गडद रेषेने उठाव, असा क्रम त्यांना आढळला. अजिंठ्याचे रंग तेलात कालवलेले नाहीत, हे ध्यानात ठेवावे. पण खालच्या थराने वरच्या थराला आधार द्यायचा, हा विचार तिथल्या कारागिरांना चांगला ठाऊक होता. इटलीतले जुने चित्रकारही चेहऱ्याच्या खाली हिरव्या मातीचा हात देत.

आधी फोटो वाचवा

रंग घेण्याआधी एक काम करा. मूळ फोटोवर पेन्सिलीने चौकटी आखू नका आणि तो पाटीला डिंकाने चिकटवू नका. दिवसाच्या उजेडात, सावलीत ठेवून मोबाइलने त्याचा नीट फोटो घ्या. झेरॉक्सच्या दुकानात ए-३ आकाराच्या कागदावर त्याची कृष्णधवल प्रत छापून घ्या. हा कागद साधारण १२ बाय १६ इंचांचा असतो, म्हणून पाटीही त्याच मापाची घ्या. मोठे करण्याचा हिशेबच उरत नाही. चौकटी प्रतीवर आखा आणि मूळ फोटो कागदात गुंडाळून पेटीत ठेवून द्या. चित्र बिघडले तर पुन्हा काढता येते, आजीचा एकुलता एक फोटो पुन्हा मिळत नाही.

पाटी: पहिला खर्च इथे

दुकानात कॅनव्हास बोर्ड मिळतो. तो स्वस्त असतो, पण आत पुठ्ठा असतो. गोदाकाठच्या पावसाळी दमट हवेत पुठ्ठ्याच्या कडा फुगतात आणि पाटी वाकते. सरावाला तो चालेल, आजीच्या चित्राला नको.

चौकटीवर ताणलेला तयार कॅनव्हास चांगला असतो, मात्र महाग पडतो. त्याहून सोपा मार्ग म्हणजे प्लायवुडच्या दुकानातून चांगल्या, घट्ट हार्डबोर्डचा १२ बाय १६ इंचांचा तुकडा कापून आणणे. गुळगुळीत बाजू बारीक पॉलिश पेपरने हलकी घासा, ओल्या फडक्याने पुसा आणि वाळू द्या. मग चित्रकारांचा ॲक्रिलिक प्रायमर, ज्याला जेसो म्हणतात, त्याचे तीन पातळ हात द्या. पहिला आडवा, दुसरा उभा, तिसरा पुन्हा आडवा. प्रत्येक हात वाळल्यावर हलके घासा. मागच्या बाजूलाही एक-दोन हात द्या, नाहीतर पाटी एका बाजूला ओढली जाते. त्यानंतर तीन-चार दिवस पाटी तशीच राहू द्या.

हा प्रायमर कशासाठी? तेल थेट कापडात मुरले तर कालांतराने ते कापड कुजते, आणि कापडात किंवा लाकडात रंगातले तेल शोषले गेल्याने रंग भुकटीसारखा सुटतो. प्रायमर मधली भिंत होतो. त्याऐवजी घरातला चुना, डिस्टेंपर किंवा भिंतीची पुट्टी लावू नका. चुन्याचा तेलाशी आणि काही रंगांशी वैरभाव आहे. जुने चित्रकार जनावरांच्या सरसाचा हात देत. पण सरस दमट हवेत फुगतो, त्याला बुरशी धरते. आपल्या हवेत ॲक्रिलिक प्रायमरच बरा.

नळ्या चोवीस नकोत, सहा पुरेत

आता मुद्द्याच्या खरेदीला येऊ. चोवीस नळ्यांच्या पेटीत निम्मे रंग असे असतात की ते या कामात लागतच नाहीत. त्याऐवजी सहा सुट्या नळ्या घ्या, पण त्या विद्यार्थी दर्जाच्या न घेता चित्रकार दर्जाच्या घ्या. विद्यार्थी दर्जाच्या रंगात खरा रंग कमी आणि भर जास्त असते. भर घातलेला रंग पातळ केला की गढूळ दिसतो. ग्लेझमध्ये हे लगेच उघडे पडते.

टिटॅनियम व्हाइट: पांढरा. याची नळी मोठी घ्या.

बर्न्ट अंबर: गडद तपकिरी. यात मूळचेच मँगेनीज असते आणि ते तेलाला लवकर वाळवते. म्हणून खालच्या चित्राला हा उत्तम.

रॉ सिएना: मातकट पिवळा, बराचसा पारदर्शक.

बर्न्ट सिएना: भाजलेल्या विटेसारखा तांबूस. आपल्या कांतीचा हा प्राण आहे.

अल्ट्रामरीन ब्लू: पारदर्शक निळा. सावलीला आणि लुगड्याला.

परमनंट क्रिमसन किंवा परमनंट रोझ: पारदर्शक गुलाबी-लाल. अलिझरीन क्रिमसन नावाचा जुना रंग मोहक दिसतो, पण पातळ थरात उजेडाने उडतो. तो टाळा.

लुगडे हिरवे असेल तर सातवी नळी व्हिरिडियन नावाच्या हिरव्याची घ्यावी.

यातल्या अंबर आणि सिएना या मातीच्या जातीच्या रंगांची किंमत चित्रकार दर्जातही कमीच असते, कारण ती मातीच आहे. आपण गेरू म्हणतो तोच हा घराणा. लोखंडाचा अंश असलेली तांबडी-पिवळी माती अजिंठ्याच्या भिंतींवर शतकानुशतके उजेड-अंधार सोसून टिकली. महाग असेल तेच टिकाऊ असेल, असे रंगाच्या बाबतीत नाही.

आमच्या यादीत काळा रंग नाही. आयव्हरी ब्लॅक फार सावकाश वाळतो, म्हणून खालच्या थराला तो वाईट. अंबरमध्ये अल्ट्रामरीन मिसळले की पुरेसा गडद रंग तयार होतो. झिंक व्हाइटही घेऊ नका, वाळल्यावर तो ठिसूळ होतो आणि तडकतो. शिशाचा पांढरा रंग पूर्वी फार वापरात होता, पण शिसे विषारी आहे. लेकरे असलेल्या घरात त्याला थारा देऊ नये.

नळी घेताना तिच्यावरचा छोटा चौकोन बघा. चौकोन रिकामा असेल तर रंग पारदर्शक, अर्धा भरलेला असेल तर अर्धपारदर्शक, पूर्ण भरलेला असेल तर खाली काही दिसू न देणारा. पुष्कळ कंपन्या ही खूण छापतात. ग्लेझसाठी रिकामा चौकोन शोधावा.

हार्डवेअरच्या दुकानातला ऑइल पेंट वेगळा

दार-खिडक्यांना देतात त्यालाही आपण ऑइल पेंटच म्हणतो. नावामुळे पुष्कळांची फसगत होते. तो एनॅमल. पत्र्याच्या पाटीला, दाराला, हातगाडीला तो छान. पाट्या रंगवणारे आपले पेंटर बंधू त्याच्यावर सुंदर अक्षरे काढतात आणि ते कसबाचे काम आहे. पण एनॅमलचा पातळ पारदर्शक थर नीट बसत नाही, त्याचा पांढरा रंग पिवळा पडतो आणि जाड थर कालांतराने तडकतो. चेहऱ्याच्या चित्राला चित्रकारांचे ऑइल कलरच हवेत.

रंग पातळ करायला रॉकेल वापरू नका. त्याचा तेलकट अंश मागे राहतो आणि रंग नीट वाळत नाही. लाकडाच्या पॉलिशचा थिनरही नको, तो खालचा थर उचलून काढतो. चित्रकारांसाठी मिळणारे शुद्ध टर्पेंटाईन लहान बाटलीत घ्या.

तेल: ताटातले आणि रंगातले

तैलरंगातले तेल म्हणजे आपले जवसाचे, अळशीचे तेल. ते पाण्यासारखे उडून वाळत नाही. हवेतला प्राणवायू घेऊन ते घट्ट होते आणि त्याचे कातड्यासारखे पापुद्र्यात रूपांतर होते. शेंगदाण्याचे किंवा खोबऱ्याचे तेल असे घट्ट होत नाही, म्हणून त्यात चित्र होत नाही. आपल्या करडईच्या तेलात हा गुण थोडा आहे. ते कमी पिवळे पडते म्हणून काही कंपन्या पांढरा रंग करडईच्या तेलात घोटतात. तरी स्वयंपाकघरातली बाटली कामाला घेऊ नका. घाण्याच्या जवस तेलात चिकट अंश असतो. चित्रकारांचे शुद्ध केलेले लिनसीड ऑइल त्यासाठीच वेगळे मिळते. एक छोटी बाटली कित्येक चित्रांना पुरते.

आता सर्वांत महत्त्वाचा नियम. खालच्या थरात तेल कमी, वरच्या थरात जास्त. नदीकाठचा गाळ आठवा. वरून सुकतो, आत ओला राहतो, मग त्याला भेगा पडतात. चित्राचेही तसेच होते. खाली तेलकट थर दिला तर तो सावकाश वाळतो आणि हालत राहतो. वरचा कोरडा थर आधीच कडक झालेला असतो. मग तो फाटतो. म्हणून खालचे चित्र रंगात फक्त थोडे टर्पेंटाईन घालून करा. पहिल्या ग्लेझला निम्मे तेल, निम्मे टर्पेंटाईन. पुढच्या प्रत्येक ग्लेझला टर्पेंटाईन थोडे कमी. तेल जास्त म्हणजे तेलाचे लोट नव्हेत. जास्त तेलाने चित्र सुरकुतते आणि पिवळे पडते.

ब्रश तीन-चार पुरेत. खालच्या चित्राला राठ केसांचे दोन चपटे, चार आणि आठ नंबरचे. ग्लेझला मऊ सिंथेटिक केसांचा एक चपटा. डोळे-ओठांसाठी दोन नंबरचा एक गोल. प्रायमरला साधा एक इंची ब्रश चालेल. पॅलेट विकत घेण्याची गरज नाही. काचेच्या तुकड्याच्या कडा घासून घ्या आणि खाली करडा कागद ठेवा, झाले पॅलेट.

काम कसे चालवावे

रेखाटन पाटीवर उतरल्यावर अंबर आणि पांढरा या दोन रंगांत पूर्ण चेहरा करा. घाई नको. इथे जे चुकेल ते वर कितीही रंग दिला तरी झाकले जाणार नाही. एक गोष्ट मुद्दाम ध्यानात ठेवा. खालचे चित्र हवे त्यापेक्षा थोडे फिकट ठेवा. प्रत्येक ग्लेझ चित्राला थोडे गडद करतो. आधीच गडद केले तर शेवटी चेहरा काळवंडून त्यातला उजेडच जातो.

मग वाळू द्या. अंबर दोन-चार दिवसांत वाळतो, पांढरा जास्त असेल तिथे आठवडा-दीड आठवडा लागतो. बोट टेकवून चिकटपणा लागला तर थांबा. पाटी बंद कपाटात ठेवू नका. जवसाचे तेल अंधारात पिवळे पडते. हवा आणि उजेड असलेल्या जागी, धूळ बसणार नाही अशी भिंतीकडे तोंड थोडे कलते करून ठेवा.

घर एका खोलीचे असेल, तान्हे मूल असेल, वास चालत नसेल तर खालचे चित्र ॲक्रिलिक रंगात करा. ते पाण्यात कालवतात, वास नाही, तासाभरात वाळतात. त्यावर तैलरंगाचे ग्लेझ बिनधोक चालतात. उलट मात्र कधी करू नका. तेलावर ॲक्रिलिक धरत नाही, पुढे पापुद्रे निघतात.

ग्लेझ देताना रंग अगदी थोडा घ्या, तेल-टर्पेंटाईनमध्ये पातळ करा, मऊ ब्रशने पसरा आणि जास्तीचा स्वच्छ फडक्याने टिपून घ्या. कोरा चहा पेल्यात बोटभर असला तर फिका दिसतो, पेला भरला की गडद दिसतो. चहा तोच असतो. रंगाचेही असेच आहे. एकदम गडद करण्यापेक्षा तीन-चार पातळ थर द्या आणि प्रत्येक थरामध्ये आठवडाभर थांबा. कामावरून आल्यावर अर्धा तास बसले तरी काम पुढे सरकते. दिवसभर राबणाऱ्या घराला ही रीत म्हणूनच सोयीची. आपण कामावर असतो तेव्हा थर वाळत असतो.

आजीचा रंग

आता ज्यासाठी हे सगळे लिहिले तो मुद्दा. दुकानात फ्लेश टिंट, म्हणजे कातडीचा तयार रंग, म्हणून एक नळी मिळते. तो रंग फिकट गुलाबी असतो. ती कातडी कुणाची? आपल्या आजीची नाही, आपल्या बापाचीही नाही. तरी मुले तीच नळी घेतात आणि उन्हात आयुष्य काढलेल्या बाईचा चेहरा गुलाबी करून ठेवतात. फोटो स्टुडिओतही चेहरा उजळून देण्याची चाल आहे. कॅलेंडरांनी डोळ्यांना गोऱ्या रंगाची सवय लावली. प्रेमापोटी केले तरी त्याचा अर्थ एवढाच होतो की होती तशी आजी आपल्याला भिंतीवर नको होती.

ही नळी घेऊ नका. खालच्या अंबरच्या चित्रावर पहिला ग्लेझ रॉ सिएनाचा द्या, दुसरा बर्न्ट सिएनाचा. गाल, नाकाचा शेंडा, कान, ओठ इथे क्रिमसनचा अगदी किंचित हात. मानेखाली, डोळ्यांच्या खोबणीत बर्न्ट सिएनात थोडा अल्ट्रामरीन. सावळ्या कातडीवरचा उजेड पांढराफटक नसतो, त्याला आभाळाची निळसर झाक असते. म्हणून कपाळावरची आणि गालाच्या हाडावरची चमक शेवटी पांढऱ्यात कणभर निळा घालून, थोडक्यात टेकवा. गडद कांती अशा पातळ थरांतच खुलते. एकाच घट्ट तपकिरी रंगाने फासली तर ती लाकडासारखी निर्जीव दिसते.

मन साशंक असेल तर अजिंठ्याचे पहिले लेणे बघून या. पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या त्या भिंतीवर उजळ, गव्हाळ आणि चांगल्या काळ्या-सावळ्या वर्णाची माणसे शेजारी शेजारी आहेत. चित्रकाराने काळ्या कांतीला दागिने दिले, डौल दिला, उजेड दिला. तिला लपवले नाही. तिथल्या कारागिरांना जे कळले होते ते आपल्या मुलांना कळायला हरकत नाही.

घर सांभाळून

ही सूचना कृपा करून वगळू नका. जवसाच्या तेलाने भिजलेली चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप पेट घेऊ शकते. तेल घट्ट होताना उष्णता सोडते आणि चिंधीच्या घडीत ती कोंडून राहते. काडी ओढावी लागत नाही. अशा चिंध्या बाहेर मोकळ्या दोरीवर पसरून पूर्ण वाळवा, किंवा पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

मेणबत्ती, अगरबत्ती, गॅस किंवा चूल पेटलेली असेल तिथे टर्पेंटाईनची बाटली उघडू नका. खिडकी उघडी ठेवा. टर्पेंटाईन पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत कधीही भरू नका, लेकरू ते तोंडाला लावेल. वापरलेले टर्पेंटाईन मोरीत ओतू नका. बरणीत ठेवले की रंग खाली बसतो, वरचे निवळ पुन्हा वापरता येते. हात साबणाने धुऊनच भाकरीला बसावे.

व्हार्निशची घाई नको

चित्र पुरे झाले की ते चकचकीत करावेसे वाटते. थांबा. अजिंठ्याचा अनुभव डोळ्यांपुढे ठेवा. एकोणिसाव्या शतकात तिथे मोठे नकलेचे काम झाले. १८७२ पासून १८८५ पर्यंत मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या भारतीय विद्यार्थ्यांना घेऊन हिवाळ्यात तिथे जात आणि कॅनव्हासवर तैलरंगात नकला करीत. त्या काळात चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून मूळ भिंतींवर व्हार्निश लावले गेले. पुढे १९२० ते १९२२ मध्ये निजाम सरकारने आणलेल्या इटालियन तज्ज्ञांनी चित्रे सावरली, पण त्यांनीही वरून लाखेचे व्हार्निश दिले. हे थर कालांतराने पिवळे-तपकिरी झाले, त्यांत धूळ धरली आणि खालचे रंग झाकोळले. ते काढण्यासाठी पुरातत्त्व खात्याला अतिशय जपून मेहनत घ्यावी लागली.

म्हणून फर्निचरचे व्हार्निश किंवा लाखेचे पॉलिश चित्राला लावू नका. चित्र कमीत कमी सहा महिने वाळू द्या. मग चित्रकारांचे, पुढे काढता येईल असे व्हार्निश घेऊन एक पातळ हात द्या.

आपल्या घरांत फ्रेमखाली मेणबत्ती आणि अगरबत्ती लावण्याची पद्धत आहे. तिची काजळी चित्रावर बसते. मेणबत्ती दोन हात पुढे, थोडी बाजूला ठेवावी. ओल्या फुलांचा हार रंगाला चिकटू देऊ नये, तो फ्रेमच्या कडेवर घालावा. पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीवर चित्र लावू नये. फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांत लाकडाचे छोटे ठोकळे लावले तर भिंत आणि चित्र यांच्यामधून हवा खेळते.

कधी सुरू करावे

पावसाळ्यात तेल वाळता वाळत नाही. मे महिन्यात पत्र्याखाली धूळ आणि उकाडा. म्हणून वर्षावास संपला की, आश्विन पौर्णिमेनंतर, पाटी तयार करायला घ्यावी. दिवाळीच्या आसपास खालचे चित्र. थंडीत ग्लेझ. मार्चमध्ये शेवटचे हात. १४ एप्रिलच्या भीमजयंतीला चित्र भिंतीवर येते. व्हार्निश त्यानंतर १४ ऑक्टोबरला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास द्यावे.

सामान गावात मिळेलच असे नाही. पुणतांबा दौंड-मनमाड रेल्वेमार्गावर आहे. पुण्याला किंवा नाशिककडे कुणी जाणारे असेल तर त्याच्याजवळ यादी द्यावी. मोबाइलवरूनही हल्ली घरपोच मागवता येते. यादी लहान आहे: हार्डबोर्डचा तुकडा, प्रायमरची बाटली, सहा नळ्या, चार ब्रश, लिनसीड ऑइल आणि टर्पेंटाईनच्या छोट्या बाटल्या. एका पगारात जमत नसेल तर या महिन्यात पाटी, प्रायमर, ब्रश, टर्पेंटाईन, पांढरा आणि अंबर घ्यावा. खालच्या चित्राला एवढेच लागते. बाकीच्या नळ्या पुढच्या पगाराला. तोवर खालचा थर वाळलेला असेल.

मुलाला एवढेच सांगावे की खालचे चित्र पुरे झाल्यावर ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना दाखव. आजीला ज्यांनी पाहिले आहे त्यांनी बोट ठेवून सांगावे, भुवई थोडी वर होती, हनुवटी अशी होती. दुरुस्ती त्याच वेळी होते. आणि रंगाचे ठरवताना मात्र कुणी, “थोडी उजळ कर रे”, म्हटले तर त्याने नम्रपणे नकार द्यावा.

जयभीम.